कडक भाकरीला बोल लावण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचे पत्र आले होते. विकत आणलेल्या कडक भाकरीने त्यांची दाढ मोडली, म्हणून त्यांनी भाकरी करणाऱ्यांवर बराच राग काढला होता. त्यांचे दुखणे मला पुरते कळते, कारण दोन वर्षांपूर्वी माझीही दाढ कडक भाकरी खातानाच मोडली. तेव्हा मीही चार लोकांत हेच सांगत फिरले. नंतर जे कळले त्याने मला माझे शब्द मागे घ्यावे लागले, म्हणून हे पत्र.

माझे घर सोलापूरच्या साखर पेठेत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी २८ वर्षे काढली. आधी मशिनवर होते, पुढे चेकिंगला. दाढ मोडली तो किंक्रांतीचा दिवस होता. सिद्धेश्वराच्या जत्रेतून, म्हणजे आमच्या गड्ड्यावरून, दमून आलो होतो, म्हणून आमटी गरम केली, त्यात भाकरी चुरली आणि जेवायला बसले. दुसऱ्याच घासाला 'कट्‌' आवाज आला आणि जिभेवर पांढरा तुकडा आला. घरात सगळे म्हणाले, भाकरीने दात घेतला. मीही तेच म्हटले. पण ती भाकरी पाच-सात मिनिटे आमटीत भिजलेली होती, बोटाने दाबली तरी लगदा होत होता. लगद्याने दाढ कशी मोडेल, हा साधा विचार त्या वेळी कुणाच्याच मनात आला नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला. "मावशी, हा कडेचा भाग बघा. आज तुटला असता तर पांढरा दिसला असता. हा काळा-तपकिरी पडलाय. म्हणजे चहा, आमटी, लाळ कितीतरी महिने आत झिरपत होती." तेव्हा लक्षात आले की दाढ त्या दिवशी फक्त सुटी झाली. मोडायला ती कधीच लागली होती.

आणि त्या दाढेने मला सांगितलेही होते. त्याआधीचे दीड वर्ष खालच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेत, अधूनमधून सणक जायची. गंमत म्हणजे घास चावताना काही होत नसे. चावून झाले आणि दात एकमेकांपासून सुटले, की त्या क्षणी कळ येई. माठातले पाणी लागले तरी झिणझिणे येत. कधी कान दुखतोय असे वाटे. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन थेंब घातले, लवंगेचे तेल लावले, उजव्या बाजूने जेवायची सवय करून घेतली. एका दवाखान्यात दाढेचा एक्स-रेही काढला. त्यात काही नाही म्हणाले आणि गोळ्या दिल्या. तिथेच माझे जवळजवळ वर्ष गेले.

चावताना नाही आणि सोडताना दुखते, ही तडा गेलेल्या दाताची खूण आहे. दाताचे वरचे कवच म्हणजे इनॅमल. त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही. पण ते कठीण आहे तसेच ठिसूळही आहे. त्याच्या खालचा थर, डेंटिन, थोडा मऊ असतो, त्यात केसाहूनही बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत पाणी असते. आपण चावतो तेव्हा चीर किंचित उघडते, सोडतो तेव्हा झटकन मिटते, आणि त्या हिसक्याने नळ्यांतले पाणी हलून आतल्या नसेला टोचते. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही यातही नवल नाही. चीर बारीक असते, आणि दाढांमध्ये ती बहुतेक वेळा पुढून मागे जाते. किरण गालाच्या बाजूने येतात, त्यामुळे चिरेची नुसती सपाट बाजू त्यांच्यासमोर येते आणि फोटो स्वच्छ निघतो. म्हणून डॉक्टर दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी काडी ठेवून चावायला आणि सोडायला लावतात, बाजूने प्रखर उजेड टाकून बघतात, कधी निळा रंग लावतात. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. माझी कुणी केली नाही, आणि मलाही मागायचे ठाऊक नव्हते.

मग माझ्या दाढेला तडा गेला कशाने? इथे मला माझा धंदाच उपयोगी पडला. कापडाच्या दुकानात ताग्यातून कापड देताना माणूस काय करतो? काठाला कात्रीची एक चीप, म्हणजे छोटा काप, देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. कापड सरळ रेषेत टर्रकन फाटत जाते. चीप नसेल तर पैलवानालाही तो तागा फाडता येणार नाही. त्या दाढेत वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती. कीड मोठी होती, तेव्हा खड्डाही मोठा कोरावा लागला. चांदी भरली तरी बाजूच्या भिंती पातळ राहिल्या आणि खड्ड्याचा कोपरा म्हणजे कायमची चीप. त्यावर रोजचा ताण. मागच्या दाढांवर माणूस जोर लावून चावला तर ५० ते ७० किलोंचा भार पडू शकतो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा किंवा त्याहूनही जास्त. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोबणीत मुसळासारखा बसतो. त्यामुळे अशा चिरा खालच्या दाढांत जास्त सापडतात, आणि चाळिशीनंतर जास्त.

दुसरे कारण माझ्या यजमानांनी सांगितले. "तू झोपेत दात खातेस, करकर आवाज येतो," असे ते किती वर्षे म्हणत होते. मुलाच्या नोकरीचे दोन वर्षे जमत नव्हते तेव्हा तर रोजच. मी ते कधी मनावर घेतले नाही. जागेपणी खडा लागला की आपण जबडा लगेच सैल सोडतो. झोपेत दातावर किती जोर पडतोय याचा आवर राहत नाही, आणि तो जोर रात्रीतून कितीतरी वेळा पडतो. सकाळी कानशिले दुखणे, जबडा आखडणे, दातांची टोके घासून सपाट होणे, या तिन्ही गोष्टी मला होत्या. चिंता थांबवणे आपल्या हाती नसते, पण रात्री दातांवर बसवायचे साचातले आवरण मिळते, ते मी आता वापरते. दिवसासुद्धा घास तोंडात नसताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, हे वयाच्या ५९ व्या वर्षी मला पहिल्यांदा कळले. ओठ मिटलेले, दात सुटे. मशिनवर मान घालून बसलेल्या बाईचे दात कायम आवळलेले असतात, हे मी नंतर मुद्दाम पाहिले.

मशिनवरच्या बायकांचे आणखी एक सांगते. हे आमच्या सोलापूरचे खास दुखणे आहे आणि यावर कुणी बोलत नाही. शिलाई संपली की धागा दाताने तोडायचा. पीस-रेटवर काम असते, कात्री उचलून ठेवण्यात दोन सेकंद जातात, आणि दिवसभरात असे शेकडो धागे. पॉलिस्टरचा धागा सुती धाग्यासारखा सहज तुटत नाही, तो करवतीसारखा घासला जातो. माझ्या वरच्या पुढच्या दाताला त्रिकोणी खाच पडली आहे, धागा बरोबर त्यात बसतो. चेकिंगला असताना मी बायका हसल्या की त्यांचे दात बघायची. कुणी किती वर्षे मशिनवर आहे ते खाचेवरून सांगता येई. त्याच खाचेपासून दाताचा कोपरा उडतो, आणि मग बाई तोंडावर पदर धरून बोलायला लागते. कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, प्रत्येक मशिनला एक धागा कटर नाडीने बांधून द्या. त्याची किंमत एका पँटच्या शिलाईहून फार नसेल.

विडी वळणाऱ्या बायकांची मशेरी आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांवर वेगळे पत्र लिहावे लागेल. सुपारी दाढा झिजवते आणि फोडतेही, एवढेच इथे म्हणते. उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला गेला की मुले सरबतातला बर्फ कडाकडा चावतात, तेही बंद करायला हवे. आणि सोड्याच्या बाटलीचे बूच दाताने उघडणाऱ्याचे कौतुक करू नये.

मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते रूट कॅनालबद्दल. माझ्या जाऊबाईंनी दाढेचे रूट कॅनाल केले. ठणका थांबला. डॉक्टरांनी कॅप बसवायला बोलावले होते. कॅपचे चार हजार सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, आता दुखत नाही, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर मुलीचे बाळंतपण आले. सात महिन्यांत दाढ उभी चिरली, दोन फाळ्या झाल्या आणि काढावी लागली. रूट कॅनालचे पैसे गेले आणि दाढही गेली. रूट कॅनाल केलेला दात सुकतो म्हणून मोडतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरे कारण वेगळे आहे. किडीने निम्मा दात आधीच खाल्लेला असतो, उरलेल्याचे छत नस काढायला फोडलेले असते, मग नुसत्या भिंती उभ्या राहतात. कॅप ही त्या भिंतींना बाहेरून आवळून धरते. माझे वडील गाडीच्या चाकाची गोष्ट सांगत, लोखंडी धाव चढवल्याशिवाय चाक रस्त्यावर आणायचे नाही. दाढेचे तेच आहे. डॉक्टर मंडळींनाही विनंती आहे, रूट कॅनालचा खर्च सांगताना कॅपचा खर्च त्यातच धरून सांगा. वेगळा सांगितला की गरीब माणूस तो पुढे ढकलतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

हाड मोडले तर सांधते. दाताच्या कवचात जिवंत पेशीच उरलेल्या नसतात, त्यामुळे गेलेला तडा आपोआप भरून येत नाही. तो फक्त वाढतो. वरवर असेल तर काही करावे लागत नाही, थोडा खोल असेल तर कॅपने दाढ वाचते, नसेपर्यंत गेला असेल तर आधी रूट कॅनाल आणि मग कॅप. हिरडीखाली मुळापर्यंत उतरला तर काढण्याशिवाय इलाज नाही. माझा तसा उतरला होता. पहिल्या सणकेला कुणी नीट बघितले असते तर ती दाढ आज तोंडात असती, याचे मला अजून वाईट वाटते.

आपल्या शहरात कितीतरी बायकांची चूल कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर चालते. पहाटे उठून थापायच्या, भाजायच्या, कडक होईपर्यंत तव्याजवळ शेकत बसायच्या. त्या भाकरीत खडा निघाला तर जरूर तक्रार करावी, खड्याने चांगला दातही फुटू शकतो. पण नुसत्या कडकपणाने धडधाकट दाढ मोडत नाही. पापडासारखी पातळ असते ती.

त्या गृहस्थांना एवढेच सांगावे, की मोडलेल्या दाढेचा इलाज करताना दुसऱ्या बाजूच्या दाढाही दाखवून घ्याव्यात. माझ्या उजव्या बाजूला तशाच जुन्या चांदीजवळ तशीच रेघ निघाली. ती अजून वरच होती, म्हणून कॅप बसवून दाढ राखता आली. काल रात्री त्याच बाजूने मी कडक भाकरी खाल्ली, चटणी आणि दह्यासोबत, न भिजवता.

आपली,
एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर