खुरीच्या वाटेवरच्या अनाम मदतकर्त्यांचे आभार

जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या अलीकडे वाळूत रुतलेल्या आमच्या सात मोटारसायकली बाहेर काढून, नावही न सांगता निघून गेलेल्या सर्वांचे आम्ही पुण्याचे सहप्रवासी मनःपूर्वक आभार मानतो.

टायरमधली हवा कमी केली की चाक वाळूवर पसरते आणि कमी रुतते, एवढे आम्हाला ठाऊक होते. परंतु भर दुपारी भुसभुशीत उतारावर एकाची क्लच प्लेट जळाली आणि तो घोटा मुरगळून पडला, तेव्हा ते ज्ञान पुरले नाही. शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, वाळक्या फांद्या मागच्या चाकांखाली अंथरल्या, त्यांवर स्वतःच्या खांद्यावरचे पोते पसरले आणि आमच्याआधी गाडीला हात लावला. जिथे पावसाचे पाणी टांक्यात साठवून जपून वापरतात, तिथे ढाणीतल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, एका ताईंनी आमच्या ओंजळीत बारीक धारेने, थेंबही न सांडता, पोटभर पाणी ओतले. बंद पडलेली गाडी नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या दादांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

आमचा मित्र आता नीट चालतो. आजोबांचे पोते मात्र सामानात आमच्याकडेच राहिले असून, येत्या हिवाळ्यात ते परत करायला आम्ही येणार आहोत.