भिंतीच्या आकड्यापुढं एकक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वडगावात राहतो आणि गेली चौतीस वर्षं प्लास्टरची कामं घेतो. मला पत्रं लिहायची सवय नाही, बिलं लिहायची आहे. पण एका कागदापायी माझं बिल दोन महिने अडकलं, म्हणून हा खटाटोप.

येळ्ळूर रोडकडच्या एका दुमजली घराचं आतबाहेरचं प्लास्टर मी केलं. दर चौरस फुटावर ठरला होता. काम संपल्यावर टेप लावून मापं घेतली, ९,१२० चौरस फूट भरलं. मालकांनी इंजिनिअरच्या ऑफिसातून आलेला छापील तक्ता पुढं केला. खाली बेरीज होती : वॉल एरिया ४१२.६०. पुढं ना मीटर, ना फूट. मालकांच्या मुलानं ते चौरस मीटर धरलं, मोबाईलवर १०.७६४ नं गुणलं आणि ४,४४१ दाखवले. मालक म्हणाले, "मेस्त्री, दुपटीपेक्षा जास्त लावुलालाय की! काँप्युटर खोटं बोलतोय काय?"

काँप्युटर खोटं बोलत नव्हता. मीही नव्हतो. हे उलगडून सांगितलं माझ्या भाचीनं. ती टिळकवाडीत एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करते. एका रविवारी लॅपटॉप घेऊन आली आणि जेवणं झाल्यावर घराचं ड्रॉइंग काढून त्यातून असे तक्ते देणारा एक प्रोग्रॅम उघडून बसली. म्हणाली, "मामा, याच्या लेखी भिंत ही एक वस्तू. तिचं क्षेत्रफळ एकदाच धरतो, तेही दारं-खिडक्या वजा करून. तुम्ही दोन्ही बाजूंनी थापी मारता हे त्याला कुणी सांगितलंय?"

म्हणजे ४,४४१ ची दुप्पट ८,८८२ इथूनच हिशेब सुरू व्हायला हवा होता. आता उरलेल्या फरकाचं सांगतो, कारण खरा वाद तिथंच होतो. प्लास्टर मोजायचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकाच्या बाराव्या भागात आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक (बाथरूमचा झरोका वगैरे) वजाच करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे आपली नेहमीची दारं-खिडक्या, भिंतीच्या एकाच बाजूला वजा करायचं. दुसऱ्या बाजूचं सोडून द्यायचं, कारण त्यात दारा-खिडकीच्या आतल्या कडांचं प्लास्टर भरून निघतं. त्याच्याही वर असेल तर दोन्ही बाजूंना वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. २० फूट लांब, १० फूट उंच भिंत घ्या. तीत ३ बाय ७ चं दार आणि ५ बाय ४ ची खिडकी. प्रोग्रॅम म्हणणार १५९ चौरस फूट. दुप्पट केलं तर ३१८. नियमानं मोजलं तर २०० अधिक १५९, म्हणजे ३५९. एका भिंतीत ४१ चौरस फुटांचा फरक. यात आमचा थोडा फायदा होतो, नाही म्हणत नाही. ९ इंची भिंतीत त्या खिडकीच्या कडा जेमतेम साडेतेरा चौरस फूट भरतात आणि सूट मिळते २० ची. पण ती धार ओळंब्यात काढायला गवंड्याचा किती वेळ जातो ते एकदा उभं राहून बघावं.

त्या घराला सत्तावीस दारं-खिडक्या होत्या. त्यांचे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास वाढले. उलट आतल्या बाजूला माझे तीनेकशे कमी झाले. कारण ड्रॉइंगमध्ये भिंत खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत काढलेली होती, त्यामुळं स्लॅबची पाच इंच जाडीही भिंतीतच मोजली गेली. तिथं मी प्लास्टर केलेलं नाही, तर पैसे कशाला मागू? बेरीज-वजाबाकी करा, माझ्या बिलाजवळ येतं. मालकांना हे सगळं खडूनं भिंतीवर मांडून दाखवलं तेव्हा पैसे मिळाले.

भाचीनं दाखवलेली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. भिंतीची लांबी मधल्या रेषेवर धरायची, आतल्या कडेवर की बाहेरच्या, हे त्या प्रोग्रॅममध्ये निवडता येतं. आतून १२ बाय १० ची खोली, ९ इंची भिंती, उंची १० फूट. आतून मोजलं तर ४४० चौरस फूट, मधल्या रेषेवर ४७०, बाहेरून ५००. तिन्ही बरोबर! कुठलं घेतलंय ते कागदावर लिहिलं नाही तर तिन्ही निरुपयोगी.

आणि एककांचा गोंधळ तर आपल्या भागात पाचवीलाच पुजलेला. मेट्रिकचा कायदा १९५६ सालचा, माझ्या जन्माआधीचा. तरी साइटवर भिंत अजून नऊ इंची आणि साडेचार इंचीच. फरशी '२ बाय २' म्हणून आणायची, प्रत्यक्षात ती ६०० मिलिमीटरची, दोन फुटांना थोडी कमी. आम्ही प्लास्टर ब्रासवर बोलतो, शंभर चौरस फुटांचा ब्रास. वाळूचाही ब्रासच, पण तो शंभर घनफुटांचा. बेंगळूरकडचा इंजिनिअर 'बारा स्क्वेअरचं घर' म्हणतो म्हणजे बाराशे चौरस फूट. यात ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमचं वेगळंच : तिथं काढणाऱ्यानं आकड्यातला एक म्हणजे मिलिमीटर मानलं तर मिलिमीटर, इंच मानलं तर इंच. मिलिमीटरमध्ये काढलेल्या त्याच २० बाय १० च्या भिंतीचं क्षेत्रफळ १,८५,८०,६०८ येतं. त्याला दहा लाखांनी भागायचं, तर १८.५८ चौरस मीटर. नवीन लागलेल्या एका पोरानं हजारानं भागून १८,५८० चौरस मीटरची भिंत मला दिली होती. एवढ्यात आमची आख्खी गल्ली बसली असती. तसंच १०.५ फूट म्हणजे दहा फूट सहा इंच. पण कागदावरचा पॉइंट पाच साइटवर 'दहा फूट पाच इंच' होतो.

माझं मागणं लहान आहे. तक्त्यात आकड्यापुढं एककाचं चिन्ह दाखवायचं की नाही, ही त्या प्रोग्रॅममधली एक साधी सेटिंग आहे. भाचीनं दोन क्लिकमध्ये करून दाखवली. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींनी ती चालू ठेवावी. आणि तक्त्याच्या डोक्यावर चार ओळी छापाव्यात : एक बाजू की दोन्ही, दारं-खिडक्या कशा वजा केल्या, उंची कुठपासून कुठपर्यंत, लांबी कुठल्या रेषेवर. आपल्या शहरात व्हीटीयूसारखं तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आहे. पोरांना सॉफ्टवेअर शिकवताना हेही शिकवलं तर पहिल्या नोकरीत तरी मेस्त्रीची बोलणी खावी लागणार नाहीत.

तक्ता इंग्रजीत असतो तो असू दे. पण या चार ओळी मराठीत आणि कन्नडमध्येही द्याव्यात. माझ्याकडचे निम्मे गवंडी बैलहोंगल-सौंदत्तीकडचे आहेत. माझं मराठी त्यांना कळतं, पण मराठी वाचता येत नाही.

आपला,
एक प्लास्टर ठेकेदार,
वडगाव, बेळगाव