इंडिकेटरचा स्विच बदला असं मी सांगितलंच नव्हतं

नमस्कार,

त्या दिवशी तुमच्या गॅरेजच्या काउंटरवर आपण मराठीतच बोललो होतो म्हणून ही तक्रारपण मराठीतच लिहितोय, काय सांगितलं होतं आणि काय झालं यात गोंधळ नको.

माझी गाडी म्हणजे 1972 ची एमजीबी रोडस्टर, छत उघडता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंडिकेटरची दांडी हाताने दाबून धरली तरच डावा इंडिकेटर लागायचा, उजवा व्यवस्थित होता. मी तुम्हाला स्पष्ट म्हटलं होतं की स्विच उघडून साफ करा, आतलं जुनं ग्रीस वाळून कडक झालं असणार, आणि बदलायची वेळ आलीच तर आधी मला फोन करा. फोन काही आला नाही. सहा दिवसांनी गाडी न्यायला आलो तर बिलात नवा स्विच 85 पौंड, मजुरी 120 पौंड, आणि जुना कुठेय विचारलं तर तुमच्याकडचा मुलगा म्हणाला टाकून दिला.

अहो, तो लुकासचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिकल पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा, ओरिजिनल स्विच होता हो! आत पितळेचे कॉन्टॅक्ट, 50 वर्षांच्या वर चाललेला. इथे लुकासला सगळेच नावं ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, निम्म्या वेळा दोष गंजलेल्या जोडांचा नाहीतर खराब अर्थिंगचा असतो. थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपरचा हलका हात आणि नखभर ग्रीस, एवढ्यावर तो बहुतेक सुधारला असता.

आता नव्याचं सांगतो. डावीकडे वळून स्टिअरिंग सरळ केलं की दांडी आपोआप जागेवर येते पण उजवीकडे वळल्यावर येतच नाही. गेल्या रविवारी गाडीचं छत उघडं टाकून ॲबिंग्डनकडे निघालो होतो, वाऱ्यात टिकटिक ऐकू येत नाही आणि उन्हात डॅशबोर्डवरचा तो छोटा हिरवा बाण दिसत नाही, त्यामुळे उजवीकडे वळून झाल्यावरही इंडिकेटर चालूच राहिला आणि मागचा गाडीवाला मी परत उजवीकडे वळणार असं समजून डावीकडून पुढे घुसला, मी त्याच वेळी डावीकडे येत होतो. थोडक्यात वाचलो. बायको शेजारी बसली होती, ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर स्टिअरिंगच्या कॉलमचं कव्हर मीच खोललं. हिरव्यावर लाल रेघेची वायर डावीकडची आणि हिरव्यावर पांढऱ्या रेघेची उजवीकडची, दोन्हींचे मूळचे 4.7 एमएमचे बुलेट कनेक्टर (वायरी जोडायच्या गोल पिना) कापून तिथे निळे क्रिंप, म्हणजे दाबून बसवायचे जोड, लावलेत आणि वरून टेप गुंडाळलीय. उजवीकडची मी नुसती बोटाने ओढली तर क्रिंपमधून सुटूनच आली, आतल्या तारा अर्ध्या तुटलेल्या होत्या. मीटर लावला तर स्विचमध्ये 12.1 व्होल्ट जातात आणि पलीकडे 10.4 च निघतात, म्हणून तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारं युनिट, इतका रेंगाळत मारतोय, त्या जुन्या फ्लॅशर युनिटला पुढच्या मागच्या 21 वॅटच्या बल्बांचा पूर्ण करंट मिळाला तरच ते नीट चालतं. शिवाय कव्हरचा एक स्क्रूच नाहीये.

40 वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची सुरक्षा तपासणी, माफ असते हे मला माहीत आहे, पण म्हणून गाडी कशीही चालवली तरी चालते असं नाही ना, रस्त्यावर आणायची तर ती धड असलीच पाहिजे आणि ती जबाबदारी माझी आहे.

मला नवा स्विच नकोय. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे सदोष वस्तू 30 दिवसांत परत करता येते आणि तुमच्याकडून गाडी परत नेऊन मला अजून 11 च दिवस झालेत, तेव्हा 85 पौंड परत करा. मजुरीचे 120 पण परत हवेत, कारण जे काम सांगितलं होतं ते झालंच नाही आणि जे केलंत ते नीट केलं नाहीत. वायरींना बुलेट कनेक्टर मी स्वतःच लावून घेईन, तुम्ही हात लावू नका.

आणि सगळ्यात आधी, प्लीज, आजच्या आज तुमच्या स्क्रॅपच्या डब्यात माझा जुना स्विच बघा. काळी दांडी आहे, टोकाला थोडी झिजलेली, खाली चार-पाच इंच वायरी लोंबत असतील. सापडला तर आहे तसा ठेवा, उघडू नका, पुसू पण नका. मी शनिवारी सकाळी 9 ला दुकान उघडायच्या वेळेला येतो.