शेळी गाभडली त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला होता. उस्मानाबादी गाभडली आणि वार बाबांनी नुसत्या हातानं उचलून टाकली म्हणाला. फोनवर बाबा ऐकून घेत नाहीत, म्हणून लिहितेय. वहिनीलाही वाचून दाखवा.

बाबा, शेळी गाभडायची कारणं पुष्कळ. ब्रुसेला नावाचा जीवाणू असेल, टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असेल, आणि हे दोन्ही माणसाला लागतात. जनावरांच्या डॉक्टरांकडून तिचं रक्त तपासून घ्या. पुन्हा असं झालं तर हातमोजे घालूनच वार उचला आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. वहिनीला दिवस गेलेत, तिनं सध्या गोठ्यात जायचंच नाही. टोक्सोप्लाझ्मा पहिल्यांदा गरोदरपणात झाला, तर बाळापर्यंत पोचू शकतो.

आई, तू दरवेळी विचारतेस, "पुण्यात उंदराचं काय करायलीस गं?" तर ह्याच टोक्सोप्लाझ्माचं. हा परजीवी आपल्या पेशीच्या आत शिरून बसतो. रोगाशी लढणाऱ्या, रक्तातल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडीजना) तिथं जाता येत नाही. मग पेशीच आतल्या प्रथिनांचे तुकडे करून बाहेरच्या अंगाला मांडते, आणि टी पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, ते बघून ओळखतात की आत कुणी घुसलंय. तुकडा धरणाऱ्या रेणूची खाच दोन्हीकडून बंद असते, त्यात साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचाच (प्रथिनाच्या माळेतल्या मण्यांचाच म्हणा) तुकडा मावतो. येणारे तुकडे बऱ्याचदा लांब असतात. ते एका टोकाकडून तासायचं काम इराप-१ नावाचं एन्झाइम करतं. बाबा कुदळीचा दांडा तासतात तसंच: कमी तासला तर शिरत नाही, जास्त तासला तर डुगडुगतो.

उंदरातलं हे एन्झाइम अमेरिकेत बर्कलीला नीलभ शास्त्रींच्या प्रयोगशाळेनं २००२ साली दाखवलं. पुढे २००८ मध्ये तिथंच दिसलं की ते नसलेले उंदीर टोक्सोप्लाझ्मापुढं टिकत नाहीत. परजीवीकडं हजारो प्रथिनं, पण त्या उंदरांची टी पेशींची मुख्य फळी जीआरए-६ नावाच्या एकाच प्रथिनाच्या शेवटच्या दहा अमिनो आम्लांवर उभी होती! तासणारं एन्झाइम नसलं की तो तुकडाच नीट तयार होत नाही. एवढ्याशा तुकड्यावर जीव टांगलेला, याचं मला अजून नवल वाटतं. अर्थात उंदरात दिसलं ते माणसात तसंच्या तसं असतं असं नाही, आमची निम्मी भांडणं त्यावरच चालतात.

आता आपल्या ठकी मांजरीचं. तिला हाकलू नका. मांजर बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यावरच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून हे परजीवी टाकतं, आणि ती विष्ठा बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. दादानं रोजच्या रोज साफ केलं की झालं. तिला कच्चं मटण मात्र घालू नका. घरातलंही मटण पुरतं शिजू द्या. मेथी-कोथिंबीर धुऊन घ्या, मातीत हात घातला की साबण लावा.

वहिनीच्या डॉक्टरांना टोक्सोप्लाझ्माच्या तपासणीबद्दल विचारा. रिपोर्टमध्ये आयजीजी आणि आयजीएम अशी दोन प्रकारच्या प्रतिपिंडांची नावं असतील. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह दिसलं, तर घाबरू नका, ती बहुतेक जुनी लागण असते. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लगेच रडारड नको, ते कित्येक महिने रेंगाळतं. डॉक्टर पुन्हा तपासतील. रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांगा. आणि बाबा, हाताला त्या दिवशी काही खरचटलेलं होतं का? ताप आला, सांधे दुखायला लागले, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना शेळीचं आधी सांगा.

तुमची,
ताई