आमच्या मॅसी ट्रॅक्टरची तेलगळती थांबवणाऱ्या मिस्त्री चाचांना

चाचा, सलाम आणि नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून हे लिहून टाकतोय. तुमचा नातू वाचून दाखवेल. आणि ज्यांनी आमचा मॅसी भंगारात घालायला सांगितला होता, त्यांच्याही नजरेस हे पडलं तर फारच उत्तम.

आमचा मॅसी 35 हा 1961 चा, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात बनलेला, पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेला. आजोबांनी आणला, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यातली पहिली नांगरट त्याच्यावरच केली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचभोवती जे कवच असतं, त्या बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात कॉटर पिन लोंबत असते. तिथून काळं तेल ठिबकायला लागलं आणि पाठोपाठ क्लच घसरायला लागला. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. पुढचा एक्सल, इंजिन, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले. त्यामुळे इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या सीलपर्यंत पोचायचं तर इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवून काढायलाच लागतं.

तुमच्या आधी आलेल्यांची कीर्ती थोडक्यात सांगतो. एकाने नवी क्लचप्लेट टाकली आणि गळती तशीच ठेवली; पेरणीच्या आत नवी प्लेटही तेलाने माखली. दुसऱ्याने इंजिन काढलं, सील बदललं, सिलिकॉनच्या ट्यूबा रिकाम्या केल्या, पैसे मोजून घेतले. पुन्हा ठिबकायला लागल्यावर म्हणाला, "एवढ्या म्हाताऱ्या गाडीला तेल जायचंच." काचेच्या शोरूममधल्या एका पोराने तर मोबाइलवरून मान वर न करता एक्स्चेंजचा भाव सांगितला.

पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटत. यातल्या एकानेही अण्णांना काही विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे हे कळलं की सगळे माझ्याशी बोलायला लागायचे. "त्यांना आत बसवा, इथं लोखंड पडलंय," असं अण्णांच्या समोरच. त्या लोखंडाशी अण्णांची ओळख त्या सगळ्यांच्या जन्माआधीची आहे!

तुम्ही आलात ते आधी खाली वाकून थेंब बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. "गिअरचं नाही, इंजिनचंच." तरी लगेच पाने काढले नाहीत. "ब्रीदर बघू. इंजिनातली हवा त्यातनं बाहेर जाते, तो तुंबला तरी तेल बाहेर ढकलतं. फुकटात भागत असेल तर खोलायचं कशाला?" ब्रीदर साफ निघाला. मग वरून कुठून ओघळ येतोय का, तेही पुसून पाहिलंत. खरं सांगतो, खोलायचं टाळायला बघणारा मिस्त्री आमच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. पुढच्या एक्सलवर बाभळीच्या पाचरी ठोकल्या, खाली ठोकळे लावले, चेन कुप्पी लागली, आणि इंजिन चाकांसकट पुढे सरकलं. क्लच, फ्लायव्हील उतरलं. सीलचं हाउसिंग सुटलं. या इंजिनात सील म्हणजे त्या हाउसिंगच्या खाचेत बसवलेली दोरी. हाउसिंगचे दोन अर्धे तुम्ही हातात घेतलेत. आम्हाला वाटलं, आता तुम्ही मला बोलावणार. तुम्ही हाक मारलीत ती अण्णांना.

"अण्णा, या इकडं. बोट द्या."

खांद्यावरचा धुतलेला पंचा काढून तुम्ही त्यांचा हात पुसलात. तुमचे स्वतःचे हात कोपरापर्यंत काळे होते. मग त्यांचं बोट धरून हाउसिंगच्या काठावर ठेवलंत. "काय लागतंय?"

अण्णांनी बोट पुढेमागे केलं. "काठ लागतोय. दोरी आत हाय."

"तेच. काठाच्या केसभर वर पाहिजे. दोन्ही अर्धे आवळले की टोकाला टोक दाबून बसतं. हिथं कापताना आखूड केलीय." मग तेच बोट क्रँकवर, म्हणजे सीलमधून फिरणाऱ्या इंजिनच्या दांड्यावर, गोल फिरवलंत. कुठे खाच नाही, झीज नाही. अण्णा उभ्या उभ्या हसायला लागले. म्हणाले, "म्हणजे गाडी म्हातारी नव्हती, कारागीर आंधळा होता!"

असं हसताना त्यांना मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं चाचा. नवी दोरी बसवल्यावर तुम्ही पुन्हा त्यांना बोलावलंत. "आता?" अण्णा म्हणाले, "नखाला अडतंय." "मग आवळतो," असं म्हणून तुम्ही बोल्टला हात घातलात. त्यांच्या होकारासाठी काम थांबलं होतं.

दवाखान्यात गेलो की अण्णा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात आणि डॉक्टर मला विचारतात, "यांना काय होतंय?" बँकेत तेच, तलाठ्याकडेही तेच. कुणी वाईट वागत नाही हो, उलट गोडच बोलतात, पण माझ्याशी. हात चालणारे कारागीर शोधले तर सापडतात. ज्याची वस्तू आहे त्याला मालक समजून वागणारा माणूस मात्र नशिबानेच भेटतो. तुम्ही मजुरीसुद्धा अण्णांशीच ठरवलीत, आणि घासाघीस करताना नजर गेली म्हणून त्यांना काडीची सूट दिली नाहीत! त्या वादावादीने त्यांची कळी अशी खुलली की संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रब्बीची ज्वारी वेळेत पेरून झाली. क्लच घट्ट धरतोय, पिन कोरडी आहे. अण्णा रोज सकाळी गोठ्याकडे जाताना खाली हात घालून बघतात आणि घरभर ऐकू जाईल असं "कोरडं!" ओरडतात. आईला त्याचा वैताग आलाय.

पौषात हुरडा येईल. नातवाला घेऊन नक्की या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ तयार आहे. येताना हत्यारांची पेटीही आणा, कारण लिफ्ट हल्ली नांगर वर धरत नाही, हळूहळू खाली सोडते. अण्णांचं म्हणणं आहे की व्हॉल्व्ह गेलाय, मला वाटतं आतले ओ-रिंग. तुम्ही काय ते बघा. मजुरीचं अण्णांशी बोला, मी मध्ये पडणार नाही.

तुमचा,
अण्णांचा धाकटा