बाटलीवर शेवाळाचं नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यातल्या आपल्या शेती पुरवणीत समुद्री शेवाळाच्या अर्कावर अर्ध्या पानाचा लेख होता. मजकूर बरा होता. खरड छाटणीनंतर द्राक्षाला ड्रिपमधून तो कधी सोडावा, पुढे फवारणीत कधी घ्यावा, हे नीट सांगितलं होतं. पण सोबतचं छायाचित्र कांदळाचं होतं. खाडीचा चिखल, त्यात चारी बाजूंनी वाकून रोवलेली मुळं, वर जाड चकचकीत पानं, आणि खाली ओळ छापलेली : ‘समुद्री शेवाळ’. कांदळ हे चांगलं उभं झाड आहे. त्याला फूल येतं, फळ धरतं, बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरवा लांब कोंब लोंबकळत राहतो, मग सुटून चिखलात पडतो. शेवाळाला मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही. कोकणातल्या कुणी तो अंक पाहिला असेल तर हसून बाजूला ठेवला असेल. आमच्याकडे कुणालाच खटकलं नाही. खटकणार कसं? आमची गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, जवळच्या समुद्राकडे पाठ करते आणि पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आमचा समुद्राशी संबंध सुकट-बोंबलापुरता, आणि अलीकडे या अर्काच्या बाटल्यांपुरता.

मी पिंपळगाव बसवंतला कृषी सेवा केंद्र चालवतो. या बाटल्या, डबे, पाऊच मीच विकतो, त्यामुळे हे पत्र थोडं स्वतःच्या धंद्याविरुद्धही आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “भाऊ, सीवीड द्या.” मी विचारतो, कोणतं? तर, “ते काळं, मागच्या खेपेला दिलं होतं ते.” काळं म्हणजे चकचकीत, काचेच्या चुऱ्यासारखे पातळ तुकडे. पाण्यात टाकले की लगेच विरघळतात आणि बादलीभर पाणी गडद तपकिरी होतं. बोट बुडवलं तर बुळबुळीत लागतं, वास खारट-उग्र येतो आणि तो हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. दुसरं गिऱ्हाईक पातळ मागतं. ते फिकट तपकिरी, झाकण उघडलं की आंबूस. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘समुद्री शेवाळ अर्क’ आणि दोन्हींवर निळ्या पाण्यात डुलणारी तीच हिरवी पानं. चित्र बहुधा एकाच ठिकाणाहून उचललेलं असावं.

खरं तर ही दोन अगदी वेगळी शेवाळं आहेत. काळ्या तुकड्यांत बहुतेक वेळा अ‍ॅस्कोफायलम असतं. हे तपकिरी शेवाळ, थंड उत्तर अटलांटिकमधलं. आयर्लंड, नॉर्वे, कॅनडाचा पूर्व किनारा या भागांत खडकांवर वाढतं, आपल्या किनाऱ्यावर अजिबात नाही. ते कापून, वाळवून, बऱ्याचदा पालाशयुक्त क्षारात (आम्लाच्या उलट गुणाच्या अल्कलीत) शिजवून त्याचा अर्क काढतात आणि तो सुकवून इकडे येतो. पातळ बाटलीत पुष्कळदा कॅपाफायकस असतं. हे लाल शेवाळाच्या गटातलं, मूळचं फिलिपिन्सकडचं. आपल्याकडे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या आसपास, बांबूच्या तराफ्यांवर त्याची लागवड होते. दोरीला तुकडे बांधून सोडायचे आणि साधारण ४५ दिवसांनी काढायचे. हे काम करणाऱ्यांत कोळी घरांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. ताज्या शेवाळाचा रस दाबून काढून त्याचं खत करण्याचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने बसवलं. रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन निघतं, ते आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये जातं. म्हणजे एक माल साता समुद्रापलीकडून आलेला, क्षारात शिजवलेला. दुसरा रामेश्वरच्या वाटेवरचा, ताजा पिळलेला. आणि शेतकऱ्याच्या हातात दोघांचं नाव एकच.

नावात काय फरक पडतो, असं एक कंपनी प्रतिनिधी मला काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. फरक पडतो तो टाकीत. द्राक्षाला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी लांबवणारं संजीवक) देताना पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाच-सहाच्या आसपास आणतात, त्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड टाकतात. त्याच टाकीत क्षारात काढलेला अर्क ओतला की सामू चढतो आणि जीएचं काम अर्धवट होतं. मग मणी लांबला नाही म्हणून शेतकरी जीएची पुडी घेऊन माझ्याकडे भांडायला येतो. पिळलेल्या रसाचं गणित निराळं. त्यात समुद्राचं मीठ बऱ्यापैकी आलेलं असतं. आमच्या निफाड तालुक्यात पाटाच्या पाण्याने खारावून चोपण झालेली रानं आहेत, काही विहिरींचं पाणीही मचूळ आहे, आणि द्राक्षवेल क्लोराइडला हळवी. पानाची कड आधी जळते. अशा बागेत ड्रिपमधून काय सोडतोय हे बागायतदाराला कळायला नको? ते कळायचं तर आधी शेवाळाचं नाव आणि काढण्याची पद्धत कळली पाहिजे.

गंमत अशी की नावांच्या बाबतीत आमचा बागायतदार एरवी भलता काटेकोर. ‘द्राक्ष आहे’ असं सांगून इथे कुणाचं समाधान होत नाही. थॉमसन की सोनाका? माणिक चमन की तास-ए-गणेश? काळ्यात शरद की आणखी काही? खाली खुंट कोणता, डॉगरीज की बंगलोर डॉगरीज? यातला थॉमसन कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या आडनावावरून आलेला, डॉगरीज टेक्ससकडचा. पण पिंपळगावच्या टपरीवर चहा पिताना ही नावं कुणाला परकी वाटत नाहीत. छाटणीचा मजूरसुद्धा काडी पाहून जात सांगतो. मणी ‘बाजरीएवढा’ आहे की ‘ज्वारीएवढा’ यावर फवारणी ठरवणारी ही माणसं बाटलीच्या बाबतीत मात्र ‘ते काळं’ म्हणून मोकळी होतात, कारण बाटलीनेच त्यांना दुसरा शब्द दिलेला नाही.

माझी पुतणी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. दिवाळीनंतर येताना तिने वर्तमानपत्रात गुंडाळून वाळलेलं सारगॅसम आणलं. हे आपल्याच किनाऱ्याचं शेवाळ. पावसाळा सरला की रत्नागिरी, मालवणकडच्या खडकांवर वाढू लागतं आणि हिवाळ्यात भरात असतं. तपकिरी फांदी, दातेरी कडांच्या अरुंद पात्या, बुडाशी खडकाला धरून राहणारी चकती आणि पात्यांच्या बगलेत हवेने भरलेले गोल मणी. हे मणी त्याला पाण्यात वर उचलून धरतात. मी ते काउंटरवर ठेवलं. आलेला प्रत्येक जण एक तरी मणी चिमटीत दाबून फोडायचा. दोन दिवसांत निम्मे मणी संपले, पण तेवढ्यात बऱ्याच जणांनी ‘सारगॅसम’ हा शब्द तोंडात बसवून घेतला. त्यातले एक आबा तर येता-जाता म्हणतात, “तुमचं ते सारगॅसम अजून आहे का?” पुस्तकी मराठीत कुणी त्याला ‘सागरतृण’ वगैरे म्हणायला लावलं असतं तर आबांनी पुन्हा विचारलं नसतं.

म्हणून एक विनंती, कृषी विद्यापीठांना आणि आपल्या पुरवणीलाही : टेबलावर बसून नवे संस्कृत शब्द घडवू नका. शेवाळांची शास्त्रीय नावं आहेत तशी, ठळक देवनागरीत छापा, सोबत तपकिरी, लाल की हिरवं तो गट द्या. लोक आपसूक उच्चार घासून घेतील. किनाऱ्यावरच्या झाडांना मात्र लोकांची नावं आधीच आहेत, ती वापरा. तिवर वेगळा, कांदळ वेगळा. तिवराभोवती चिखलातून बोटभर मुळं सरळ वर आलेली दिसतात आणि पानावर मीठ साचतं. काटेरी पानांची मारांडी वेगळी. चिप्पी वेगळी, आणि पांढऱ्या चिप्पीला तर २०२० साली राज्याने कांदळवृक्ष म्हणून मान दिला आहे. वाळूवर पसरणारी, जांभळट फुलांची मर्यादवेल वेगळी. सरसकट ‘खारफुटी’ लिहून मोकळं होता येतं, हे खरं. पण मग मर्यादवेलीलाही खारफुटी म्हणणारे भेटतात आणि सुरूच्या बनालाही. सुरू तर ऑस्ट्रेलियाकडून आणून लावलेला. केवड्याचं काय सांगावं? गणपतीत आमच्या फुलबाजारात त्याच्या एकेका कणसाचा भाव ऐकून माणूस दचकतो, पण तो खाडीच्या काठाचा गडी आहे हे घेणाऱ्याच्या मनातही नसतं.

घरातही हेच. आमच्याकडे सणाला दुधाची जेली करायला चायना ग्रास आणतात. ते गवत नाही, लाल शेवाळांतून काढलेलं अगर आहे. जळगावकडच्या केळीची उतिसंवर्धित रोपं ज्या पारदर्शक लगद्यावर वाढवतात, त्यातही बहुधा तेच. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग इतकी वर्षं तुम्ही बाटलीतलं काय मला दाखवत होतात?” असो.

आता कायद्याचं. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात २०२१ साली बदल करून केंद्राने जैवउत्तेजकं (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) त्याखाली आणली आणि समुद्री शेवाळाचे अर्क त्यातच मोडतात. त्याआधी या मालावर कोण काय छापेल याला धरबंद नव्हता. आता नोंदणी आली, घटक द्यावे लागतात, हे चांगलंच झालं. पण घटकांची ती ओळ इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, बाटलीच्या पाठीमागे, शिवणीजवळ असते. आणि पुढे मराठीत ‘मुळ्यांचा जोर, फुटव्यांचा महापूर’. महापूर हा शब्द गोदाकाठच्या माणसाला उत्पादनाच्या जाहिरातीत का आवडावा, हे मला कधी कळलं नाही. माझं म्हणणं इतकंच की जी माहिती पाठीमागे द्यावीच लागते, तिच्यातल्या चार गोष्टी पुढच्या बाजूला मराठीत आणा : शेवाळाचं नाव, कुठल्या किनाऱ्यावरचं, ताजा रस की क्षारात काढलेला अर्क, आणि द्रावणाचा सामू. यात कुठलं व्यापारी गुपित फुटत नाही.

कृषी विभागाने हे सक्तीचं करावं, ही मागणी मी द्राक्ष बागायतदारांच्या सभांमध्येही मांडतो आहे. तोवर दुकानात मी फळीला पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत : अ‍ॅस्कोफायलम एका फळीवर, कॅपाफायकस दुसऱ्या, आणि सारगॅसमचे डबे तिसऱ्या. ज्या डब्यावर किंवा कागदपत्रांत कुठेच जात लिहिलेली नाही, ते खाली, खोक्यात. माल घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीला मी आता स्कीम आणि सूट विचारण्याआधी शेवाळाचं नाव विचारतो. एक-दोघांनी तिथल्या तिथे फोन लावून कारखान्यातून विचारून सांगितलं, एकाने पुढच्या खेपेला कागद आणून दिला. ज्यांना सांगता येत नाही त्यांचा माल ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात मी उतरवून घेणार नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या दुकानदार मित्रांनीही एवढं एक विचारावं.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक