घोट्याचा पट्टा आधी

महोदय,
सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असलेल्या मुलांना पायाचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल व घोटा नीट धरून ठेवणारे पट्ट्यांचे कडक आधार, दिले जातात, पण ते घालायचे कसे हे पालकांना पुष्कळदा कुणी दाखवत नाही. गुडघा वाकवला की पोटरीचा ताठ स्नायू सैलावतो. तेव्हाच टाच पूर्ण मागे, खाली टेकवावी आणि घोट्याचा पट्टा आधी आवळावा. पोटरीचा आधी लावला तर टाच वर सरकते आणि कातडी सोलते. मोजा स्प्लिंटहून उंच, बिनसुरकुतीचा हवा. काढल्यावर लाली ३० मिनिटांत गेली नाही, तर वापर थांबवून स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलाचे माप तर वरचेवर तपासायलाच हवे. स्प्लिंट देणाऱ्यांनी ते हाती देण्यापूर्वी पालकांकडून एकदा मुलाला समोर घालून घ्यावे, ही कळकळीची विनंती.
— एक वाचक